चौकाखालचे पाणी

अहमदाबादच्या जुन्या शहरात गेलेल्या प्रवाशाची पावले बहुधा प्रथम सिदी सय्यदच्या मशिदीकडे वळतात. दगडात कोरलेला तो सुप्रसिद्ध वृक्ष, एकमेकींत गुंतलेल्या त्याच्या फांद्या आणि त्यांच्या फटींतून आत उतरणारा प्रकाश पाहून प्रवासी थक्क होतो आणि अहमदाबादचे वैभव पाहिले, या समाधानात परततो. ती जाळी पाहण्याजोगी आहे यात शंकाच नाही. परंतु त्या मशिदीपासून थोड्याच अंतरावर, एखाद्या अरुंद गल्लीतील जुन्या घराच्या चौकात, फरसबंदीशी समतल बसवलेले हातभर रुंदीचे एक झाकण असते. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या झाकणाखाली चुन्याने गिलावा केलेले एक तळघर असते आणि त्या तळघरात एके काळी वर्षभराचे पिण्याचे पाणी साठवलेले असे. राजांनी आणि अमीरांनी हे शहर सजवले कसे, ते मशिदीच्या जाळीवरून कळते. सामान्य गृहस्थ या शहरात सहा शतके राहिला कसा, याचे उत्तर मात्र त्या झाकणाखाली शोधावे लागते.

अहमदाबादची स्थापना सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या पूर्व तीरावर केली. जवळच आशावल ही जुनी वसाहत होती आणि सोळंकी राजा कर्ण याच्या नावाने ओळखली जाणारी कर्णावतीही याच परिसरातली. सुलतानाने प्रथम भद्राचा किल्ला उभारला, त्याच्यासमोर तीन दरवाजांची भव्य कमान घातली, आणि १४२४ साली २६० खांबांची जामा मशीद पूर्ण केली. पुढे महमूद बेगड्याच्या काळात, १४८७ च्या सुमारास, शहराभोवती बारा दरवाजांचा तट पुरा झाला, असे परंपरा सांगते. या इमारतींवर काम करणारे हात गुजरातेतील मंदिरे घडवणाऱ्या परंपरेतलेच होते. म्हणून त्यांच्या खांबांवर, तोड्यांवर आणि छतांवर हिंदू व जैन शिल्पाची ओळख पदोपदी पटते. अहमदाबादचे शिल्प म्हणून जे पुढे नावाजले गेले, त्याचा उगम या मिलाफात आहे.

परंतु राजधानी वसवणे निराळे आणि ती जगवणे निराळे. साबरमती ही पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात वाळूत हरवून जाणारी नदी. शहरात वर्षाकाठी सरासरी पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा तीन-साडेतीन महिन्यांत. वैशाखात उष्णतामान चाळीस अंशांच्या वर जाते आणि आठवडेच्या आठवडे खाली येत नाही. अशा ठिकाणी वास्तूचे पहिले कर्तव्य पाणी धरून ठेवणे व ऊन अडवणे हेच होते. हे कर्तव्य सुलतानांनी ओळखले होते. कुत्बुद्दीनाच्या कारकिर्दीत १४५१ साली चौतीस बाजूंचे कांकरिया सरोवर पुरे झाले. सरखेज येथे शेख अहमद खट्टू यांच्या दर्ग्याभोवती तलाव, प्रासाद आणि मशीद यांचा एक शांत समूह उभा राहिला. १४९९ च्या सुमारास असारवा येथे बाई हरीर या सुलतानाच्या अंतःपुरातील अधिकारी स्त्रीने पाच मजली वाव बांधली. आणि त्याच सुमारास शहराच्या उत्तरेस अडालज येथे वाघेला घराण्यातील राणी रुडाबाई हिची पाच मजली वाव पुरी झाली. असारव्याच्या वावेत संस्कृत आणि अरबी असे दोन्ही लेख आहेत. तहानलेल्या जीवमात्रासाठी ही वाव आहे, असा संस्कृत लेखाचा आशय आहे. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पण तिच्यात पाण्याबरोबर सावलीचीही सोय असे. जसजसे खाली उतरावे तसतसे ऊन मागे पडते, आणि तळाशी बाहेरच्यापेक्षा कितीतरी सौम्य हवा लागते. पांथस्थाने तेथे बसावे, गावातील स्त्रियांनी तेथे घटकाभर विसावावे, हाही त्या बांधणीचा हेतू होता.

राजाने जे जमिनीखाली पाच मजले उतरून केले, तेच गृहस्थाने आपल्या घरात, आपल्या ऐपतीप्रमाणे केले. त्यासाठी पोळ ही संस्था समजून घेतली पाहिजे. संस्कृतातील ‘प्रतोली’ म्हणजे वेस किंवा दरवाजा. त्यापासून हा गुजराती शब्द आला. मुख्य रस्त्याला एक दरवाजा, दरवाजावर राखणदाराची खोली, आत एक वाकडीतिकडी गल्ली, तिला फुटलेल्या लहान गल्ल्या, आणि दोहो बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे. माणेकचौकाजवळची मुहूर्त पोळ ही सर्वांत जुनी मानली जाते. पोळेत देऊळ असते, सर्वांचा एक चौक असतो, आणि पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतराही असतो.

पोळेतले घर समोरून अरुंद आणि मागे लांब असते. रस्त्याला लागून ओटा, ओट्यावरून आत आल्यावर खडकी, खडकीनंतर उघडा चौक, चौकाला लागून परसाळ, आणि सर्वांत आत ओरडा. पुण्यानाशकाकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ही नावे किंचित निराळी वाटली, तरी घर ओळखीचे वाटेल. दोन घरांमधली भिंत सामाईक असल्याने घराच्या दोन बाजूंना ऊन लागतच नाही. गल्ली अरुंद आणि वरचे मजले थोडे पुढे आलेले, त्यामुळे माध्यान्हीची घटका सोडली तर रस्त्यावरही सावलीच असते. उरला चौक. रात्री आकाशाखाली थंड झालेली हवा जड होऊन चौकात उतरते आणि सकाळी उशिरापर्यंत आसपासच्या खोल्यांत रेंगाळते. दुपारी तापलेली हवा त्याच चौकातून वर निघून जाते. घराला श्वास घेण्यासाठी ठेवलेली ही जागा. घरातील माणसेही घड्याळाप्रमाणे जागा बदलीत. दुपार आतल्या ओरड्यात, संध्याकाळ ओट्यावर आणि उन्हाळ्याची रात्र गच्चीवर, असा त्यांचा क्रम होता.

याच चौकाखाली टाके असते. सह्याद्रीतील गडांवर फिरलेल्या मराठी माणसाला हा शब्द नवा नाही. गडावरचे टाके कातळात खोदलेले आणि बहुधा उघडे. अहमदाबादचे टाके विटांनी बांधलेले, चुन्याने लिंपलेले आणि सर्वस्वी झाकलेले. छपरावरचे पाणी पन्हळांतून आणि नळकांड्यांतून खाली येते. पहिल्या पावसाचे पाणी धूळ व कचरा धुऊन नेते म्हणून ते बाहेर सोडून द्यावयाचे, आणि छप्पर स्वच्छ झाले की मग पाण्याला टाक्याची वाट मोकळी करावयाची, असा रिवाज होता. आत उजेड शिरत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. चुन्याचा लेप पाणी निर्मळ राखण्यास साहाय्य करतो.

या व्यवस्थेचा हिशेब साधा आहे. शंभर चौरस मीटर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे एक हजार लिटर पाणी होते. पंचाहत्तर सेंटिमीटर पावसाचे पंचाहत्तर हजार लिटर होतील. त्यातले निम्मे वाया गेले असे धरले तरी सदतीस हजार उरतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला एखाद्या कुटुंबास दिवसाला चाळीस लिटर लागत असतील, तर वर्षाला पंधरा हजार लिटरही लागत नाहीत. म्हणजे नदी आटली, विहिरीचे पाणी मचूळ झाले, तरी घरावर पडलेला पाऊस घराला पुरून उरत होता. धुण्याभांड्याला विहिरीचे पाणी आणि पिण्याला टाक्याचे, हा भेद प्रत्येक घरात पाळला जाई. काटकसर हा त्या घराचा केवळ स्वभाव नव्हता. ती त्याच्या पायातच घातलेली होती.

वापरलेल्या सामानातही तोच विवेक दिसतो. सागवानाचे खांब आणि तुळया, मध्ये विटांचे काम, ठिकठिकाणी भिंतीत आडवी घातलेली लाकडे, आणि हे सर्व सांधणारा चुना. सुतारांनी खांबांवर, तोड्यांवर आणि झरोक्यांवर जी नक्षी केली तिचे कौतुक फार झाले आहे. पण भिंतीच्या पोटात दडलेल्या आडव्या लाकडांचे काम त्याहून महत्त्वाचे. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात जो भूकंप झाला, त्यात जामा मशिदीचे सुप्रसिद्ध हलते मनोरे कोसळले. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक नव्या बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या आणि शेकडो माणसे दगावली. त्यांतील कित्येकांचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता, आणि वरचा भार त्या नुसत्या खांबांना पेलला नाही. जुन्या शहरातील लाकूड-विटांच्या घरांनाही तडे गेले, काही भिंती पडल्या. तथापि त्यांतील बहुसंख्य उभी राहिली. लाकूड लवते, चुना थोडा सरकू देतो, आणि शेजारची भिंत आधार देते. हे शास्त्र जुन्या कारागिराने ग्रंथातून शिकलेले नव्हते, पण त्याच्या हाताला ते ठाऊक होते.

पोळेच्या दरवाजाचा इतिहास मात्र इतका सुखाचा नाही, आणि त्यात मराठ्यांचाही वाटा आहे. अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी झाली तेव्हा सुभेदार आणि गायकवाड यांच्यात शहराच्या उत्पन्नाची वाटणी होऊ लागली. १७५३ साली रघुनाथराव व दमाजी गायकवाड यांच्या फौजांनी शहर घेतले. मध्यंतरी ते मोमीनखानाकडे गेले, आणि १७५८ साली पुन्हा मराठ्यांच्या हाती आले. त्यानंतर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड या दोघांचा अंमल शहरावर राहिला. गायकवाडांची हवेली अद्याप त्या काळाची साक्ष देते. या धामधुमीत रयतेने आपल्या संरक्षणाचा भार आपणच उचलला. पोळांचे दरवाजे बळकट झाले, रात्री अडसर पडू लागले, एका पोळेतून दुसरीत निसटण्याच्या चोरवाटा ठेवल्या गेल्या. पोळेचे पंच असत, पोळेचा निधी असे. घर विकले तर किमतीचा ठरावीक भाग त्या निधीत भरावा लागे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जी वेस चोराला बाहेर ठेवी, ती परजातीच्या शेजाऱ्यालाही बाहेर ठेवी. पोळेची एकजूट बहुधा जातीची किंवा धंद्याची एकजूट होती, आणि जे सर्वांच्या खाली मानले गेले त्यांना या टाक्यांच्या गोड पाण्यात वाटा नव्हता.

इंग्रजी अंमलात शहराच्या कारभाराची जी घडी बसली तिचा आरंभही एका जुन्या वास्तूच्या दुरुस्तीतूनच झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पडझड झालेला तट दुरुस्त करण्यासाठी १८३४ साली एक निधी समिती नेमण्यात आली, आणि तूप व अन्य मालावर शेकडा एक याप्रमाणे कर बसवण्यात आला. त्या समितीतूनच पुढे नगरपालिका वाढली. १८६१ साली रणछोडलाल छोटालाल यांनी शहरातील पहिली कापडगिरणी सुरू केली. १८८५ साली तेच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्यासमोरचा प्रश्न बिकट होता. लोकसंख्या वाढत होती. घरोघरचे सांडपाण्याचे खड्डे आणि पिण्याच्या विहिरी शेजारी शेजारी होत्या, आणि साथींचे प्रमाण भयंकर होते. रणछोडलाल यांनी नळाचे पाणी आणि भूमिगत गटारे यांचा आग्रह धरला. करांच्या भीतीने आणि जुन्या सवयींच्या मोहाने पुष्कळ नागरिकांनी त्यांना विरोध केला. तथापि १८९१ साली नळाचे पाणी शहरात आले.

रणछोडलाल यांची बाजू न्याय्य होती, हे निर्विवाद. ज्याच्या घराखाली टाके नव्हते त्या गरिबाला नळानेच पहिल्यांदा स्वच्छ पाणी दिले. परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर काहीतरी हातचे सुटते. नळ आला आणि छपरावरच्या पावसाची किंमत उतरली. झाकणे गंजली, टाक्यांत अडगळ साठली, काही बुजवली गेली, तर काहींत नळाचेच पाणी भरून ठेवले जाऊ लागले. पुढे भूगर्भातील पाणी खोल खोल उपसले गेले, आणि आज शहराला नर्मदेचे पाणी दूरच्या कालव्यातून आणावे लागते. नळ आणि टाके एकत्र नांदू शकले असते. तो विचार त्या वेळी कोणाला सुचला नाही.

मग माणसेही निघाली. १८९२ साली साबरमतीवर एलिस पूल झाला आणि पश्चिम तीर मोकळा झाला. विसाव्या शतकात गिरणीमालक, वकील, डॉक्टर नदीपलीकडच्या बंगल्यांत जाऊ लागले. तट पाडला गेला. त्याच्या जागी रस्ते झाले, दरवाजे तेवढे एकाकी उभे राहिले. दाट वस्तीतून एक रुंद रस्ता काढण्यात आला; त्याला टिळकांचे नाव दिले गेले, पण लोक त्याला रिलीफ रोड म्हणूनच ओळखतात. या काळात नगरपालिकेच्या अध्यक्षपदी वल्लभभाई पटेल होते, आणि त्यांच्यानंतर काही वर्षे गणेश वासुदेव मावळंकर. कोकणातील मावळंगे गावच्या घराण्यातले, अहमदाबादेत वकिली करणारे, गुजरातीत तितक्याच सहजतेने वावरणारे हे दादासाहेब पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. शहराला मोकळी हवा हवी होती आणि ती देणे या पिढीला भाग होते. तथापि नदीपलीकडे जी नवी घरे उभी राहिली ती चहूबाजूंनी उन्हात उभी होती, आणि त्यांना थंड राखण्यासाठी पुढे यंत्रांची गरज पडली.

जुन्या घरातील विवेक सर्वस्वी विसरला गेला असेही नाही. १९५४ साली ल कॉर्बुझिए या स्थापत्यविशारदाने गिरणीमालक संघाची जी इमारत बांधली, तिच्या दर्शनी बाजूस ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या तिरप्या पाळ्या आहेत. १९६३ साली चार्ल्स कोरिया यांनी साबरमती आश्रमात गांधी स्मारक संग्रहालय उभारले. त्यात विटांचे खांब आहेत, कौलारू छपरे आहेत, मधोमध पाण्याचा चौक आहे, आणि खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा आहेत. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ साली अहमदाबादेत स्थापत्याचे विद्यालय सुरू केले. १९८० साली त्यांनी बांधलेले ‘संगथ’ हे कार्यालय अर्धे जमिनीत उतरलेले आहे, त्याच्या अर्धगोल छपरांवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे आवरण आहे, आणि छपरावरचे पाणी पन्हळांतून कुंडांत खेळवले आहे. २०१८ साली दोशींना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. वाव, चौक आणि पन्हळ यांचाच हा वंशविस्तार आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

जुन्या शहराकडे शासनाचे लक्षही वळले. १९९६ साली महानगरपालिकेने वारसा जतन करण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९९७ च्या नोव्हेंबरपासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत मार्गदर्शकासह पदयात्रा सुरू झाली. वाटेत लांबेश्वराच्या पोळेत, कवी दलपतराम जेथे राहत तेथे, त्यांचा पुतळा ओट्यावर बसवलेला दिसतो. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने तटबंदीच्या आतील शहर जागतिक वारसा म्हणून मान्य केले. असा मान मिळवणारे अहमदाबाद हे भारतातील पहिले शहर होय.

मान मिळाला; प्रश्न राहिला. मशिदीचे रक्षण कायद्याने होते, कारण मशीद एका ठिकाणी, एका मालकीची आणि एका खात्याच्या देखरेखीखाली असते. घराचे तसे नाही. एका घराचे दहा वारस दहा गावी असतात. भाडेकरू अल्प भाड्यात राहतो आणि मालक दुरुस्ती करीत नाही. शेवटी कोणीतरी कोरीव खांब विकून टाकतो आणि ते दूरच्या एखाद्या दिवाणखान्याची शोभा बनतात. घराच्या जागी गोदाम उठते. आणि घरे भिंतीला भिंत लावून उभी असल्याने एक घर पडले की शेजारच्या दोन घरांचा आधार आणि सावली दोन्ही जातात. वारसा घरे राखणाऱ्या मालकांना त्यांचा न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकू देण्याची सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या घरात कोणी राहत नाही, ते घर केवळ अनुदानावर फार काळ उभे राहत नाही. दर्शनी नक्षी जपली आणि मागचा चौक सिमेंटने झाकून टाकला, तर जे वाचले ते घर नव्हे.

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंच्या हौशीचा उरलेला नाही. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील ही पहिलीच योजना होती. २० मे २०१६ रोजी तर शहरातील पारा ४८ अंशांवर गेला. त्या योजनेच्या अनुषंगाने झोपडवस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेण्यात आले. उन्हाला परतवावे आणि घराला निवू द्यावे, हाच पोळेतील सुताराचा आणि गवंड्याचा धडा होता. सहा शतकांपूर्वीचे घर जसेच्या तसे आज बांधता येणार नाही. तितके सागवानही उरलेले नाही. परंतु भिंती सामाईक असाव्यात, घराला चौक असावा, आणि छपरावरचा पाऊस गटारात जाऊ नये, एवढे तर कोणत्याही सामानात साधता येते.

जुन्या शहरातील काही थोड्या घरांत आजही ज्येष्ठ महिन्यात गच्ची झाडली जाते, पन्हळ धुतले जातात आणि टाक्याचे झाकण उघडून आत एकदा पाहिले जाते. पहिली सर वाहून जाऊ दिली जाते. मग घरातील कोणीतरी वडीलधारे माणूस चौकात येऊन पाण्याची वाट टाक्याकडे वळवते, आणि वर्षाची तरतूद सुरू होते.